हजेरीपटावरची मुलं

१९२४ या एकाच वर्षात मुंबई इलाख्यातल्या मुलांच्या वाट्याला दोन कायदे आले. मुंबईच्या कायदेमंडळाने मुलांसाठी केलेला कायदा सांगत होता की गुन्ह्यात सापडलेला पोरगा आधी पोरगा आहे. त्याचा खटला वेगळ्या न्यायालयात चालावा आणि त्याला मोठ्यांच्या तुरुंगात न घालता सुधारशाळेत ठेवावं. केंद्रीय कायदेमंडळाने त्याच वर्षी, १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचं नवं एकत्रित रूप मंजूर केलं. त्यात ६ वर्षांवरच्या आणि १८ वर्षांखालच्या मुलांना आईबापांपासून काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळेत ठेवण्याची मुभा सरकारला होती, आणि त्यासाठी त्या मुलाने काही केलेलं असण्याची गरज नव्हती. पहिल्या कायद्यात वय हा मुलाचा बचाव होता. दुसऱ्यात जन्म कोणत्या पालावर झाला एवढंच विचारलं जाई. कोवळ्या वयात चुकीने दोषी ठरलेल्या माणसाने पुढचं आयुष्य कसं उभं करावं, हा प्रश्न आपण एकेका माणसाचं दुर्दैव म्हणून विचारतो. त्याची जिद्द, त्याचं कुटुंब, त्याला मिळालेले पैसे यांत उत्तर शोधतो. महाराष्ट्रातल्या भटक्या-विमुक्तांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला की उत्तराची जागा बदलते. सरकारच्या दप्तरात या मुलांची एकच नोंद होती, ती पोलिसांची. दुसरी नोंद तयार होईपर्यंत, म्हणजे जन्माची, शाळेची, घराची, मजुरीची नोंद होईपर्यंत, सुटकेचा हुकूम हातात असूनही त्यांना पाय रोवायला जागा मिळाली नाही. आणि ती दुसरी नोंद करायचं काम कायमच त्यांच्यावर ढकललं गेलं.

हजेरी ही इंग्रजांची देणगी, असं सरसकट म्हणता येत नाही. रामोशी, बेरड, मांग, महार यांना चावडीवर बोलावून पाटलाने त्यांची उपस्थिती पाहायची, हा दख्खनच्या गावगाड्यातला रिवाज होता. पण ती हजेरी गावापुरती होती, आणि गावात त्या माणसाचं दुसरंही काही असे: वतन, बलुतं, निदान रखवालीचं काम. १८७१ चा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानासाठी झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई-मद्रासकडे आला आणि हजेरीचं रूप पालटलं. जमात एकदा अधिसूचनेने गुन्हेगार ठरली की ती तशी का ठरली हे कोणत्याही न्यायालयाला विचारता येत नसे. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने नावांचा पट करायचा, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी ठरल्या जागी हजेरी लावायची, हद्द ओलांडायची तर पास काढायचा. १९२४ च्या कायद्यात शिक्षेची कलमंही पटाला जोडलेली होती. पटावरच्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर ती किमान ७ वर्षांची. तो चोरी करण्याच्या बेतात होता असं न्यायालयाला परिस्थितीवरून वाटलं, तर चोरी न होताही ३ वर्षांपर्यंत कैद. एका मुलाच्या बाजूने याचा हिशेब मांडून पाहावा. गावातला त्याच्या वयाचा मुलगा मिसरूड फुटण्याच्या सुमारास सातवीची परीक्षा देतो, बापाच्या धंद्यात हात घालतो, पहिली मजुरी आणतो. हा मुलगा त्या वयात हजेरी लावायला शिकतो. आधी गुन्हा, मग तपास, मग निकाल हा क्रम इथे उलटा चालतो. निकाल जन्माबरोबर लागलेला, गुन्हा केव्हातरी सापडेल. म्हणून या समाजांच्या बाबतीत चुकीची शिक्षा हा यंत्रणेचा अपघात मानता येत नाही. यंत्रणा याच दिशेने चालावी अशी बांधलेली होती.

याच काळात, याच मुलखात, उलटा प्रयोगही झाला होता. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली या जातींची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी त्याआधीपासून जवळ घेतलं होतं. सोनतळीच्या छावणीत त्यांना वसवलं, पहाऱ्याची आणि इतर कामं दिली. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा त्यांनाच पहारेकरी केलं, ही गोष्ट आपल्याकडे राजाच्या दिलदारपणाचा किस्सा म्हणून सांगितली जाते. मला ती कारभाराची गोष्ट वाटते. महाराजांनी एक वही बंद करताना दुसरी उघडली: पगाराची. पगारपत्रकावर नाव आलेल्या माणसाला उद्या कुठे सापडशील हे विचारावं लागत नाही, आणि त्यालाही रात्री कुठे होतास याचं उत्तर तयार ठेवावं लागत नाही. यावर असं म्हणता येईल की हा एका राजाचा एका संस्थानातला मामला, माणसं थोडी, राजाची मर्जी मोठी. इलाख्याच्या कारभाराला हे झेपलं नसतं. माणसं थोडी होती हे खरं. मर्जीवर उभं राहिलेलं मर्जी गेली की पडतं, हेही खरं. पण हजेरी बंद केली तर अनाचार माजेल, हे इलाख्याच्या अधिकाऱ्यांचं मुख्य भय होतं, आणि त्या भयाला उत्तर द्यायला एवढा प्रयोग पुरेसा होता. त्याकडे त्यांनी पाहिलं नाही, कारण त्यांच्याकडे स्वतःचा प्रयोग होता, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

तो प्रयोग म्हणजे सेटलमेंट. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर, बारामती अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. मुंबई इलाख्यात या कामाचा कर्ता अधिकारी होता स्टार्ट. सोलापुरातली उमेदपूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशन चालवत असे. सोलापूरच निवडलं जाण्यामागे हिशेब होता: गिरण्यांना हात हवे होते आणि सरकारला या माणसांना गुंतवून ठेवायचं होतं. माणसं भोंग्याला गिरणीत जात, सुटल्यावर कुंपणात परत येत, हजेरी देत. मुलांना शाळा सक्तीची होती. नीट वागणाऱ्या कुटुंबांना पुढे कुंपणाबाहेरच्या मुक्त वसाहतीत राहायची परवानगी मिळे. सेटलमेंटची बाजू घेणारे आजही सांगतात की या लोकांना पहिली शाळा, पहिला दवाखाना आणि पहिली नियमित मजुरी तिथेच मिळाली. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. सोलापुरात या समाजांची शिकलेली पहिली पिढी त्या वसाहतींच्या शाळांतून गेली, गिरणी कामगार म्हणून अनेक घरं टिकली. पण तारेच्या आत मिळालेल्या वस्तूंपैकी कोणतीही वस्तू बाहेर तिच्या स्वतःच्या नावाने चालत नव्हती. बाहेरच्या गावात शाळेच्या दाखल्यावर सेटलमेंटच्या शाळेचं नाव दिसलं की पोरगा कोणाचा ते कळे. पत्ता सांगितला की मालक विचारात पडे. सरकारने दुसरी वही उघडली खरी, पण ती पहिलीच्या पुठ्ठ्यातच शिवली. मुलाला अक्षरओळख झाली आणि त्याच अक्षरांत त्याच्यावरचा शिक्काही त्याला वाचता येऊ लागला. सुधारणा आणि शिक्षा एकाच आवारात, एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली चालवली की सुधारलेला माणूसही शिक्षा झालेलाच दिसतो, एवढं या वसाहतींनी पुराव्यासह दाखवून दिलं.

मोडणीची वेळ आली तेव्हा ती भराभर झाली. प्रांतिक सरकारात गृहमंत्री असलेल्या कन्हैयालाल मुन्शींच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९३९ साली गुन्हेगार जमाती कायद्याची झाडाझडती घेतली. मुंबई प्रांताने १९४९ साली तो रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण मुंबईने जुना कायदा रद्द करण्याच्या दोन वर्षं आधीच सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा कायदा करून ठेवला होता, आणि १९५९ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. कागदावर फरक मोठा आहे. पूर्वी जात नोंदली जाई, आता वारंवार शिक्षा झालेली व्यक्ती नोंदली जाते. तत्त्वाला कोणी नाव ठेवू नये. मात्र दशकानुदशकं ज्यांना खास कलमांखाली, खास पहाऱ्यात, बेताच्या संशयावरून शिक्षा होत आल्या, त्यांच्या जुन्या शिक्षांच्या आधारावर व्यक्ती निवडायच्या म्हटल्या की चाळणीत पुन्हा तीच माणसं राहणार. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आणि भीमराव गस्तींचं ‘बेरड’ ही आत्मकथनं १९८० च्या दशकातली आहेत. कायदा जाऊन ३० वर्षं उलटली होती, तरी त्या पानांमधला पोलीस वस्तीत शिरताना कोणता कायदा चालू आहे हे विचारत नाही. १९९८ साली बारामती भागातल्या एका पारध्याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी पश्चिम बंगालमधल्या एका शबराच्या बाबतीत तेच घडलं होतं. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी देशपातळीवरचा जो मंच उभा केला, तोही १९९८ चाच.

पण १९५२ नंतरच्या काळाचा खरा दोष मला पोलिसांच्या सवयीत जेवढा दिसतो, त्याहून अधिक महसुलाच्या दप्तरात दिसतो. हजेरी सुटली, नोंद कुठे झाली? गावात जन्मलेल्याचं नाव कोतवाल बुकात चढे. पालावर जन्मलेल्याचं कुठेच नाही, कारण पाल ज्या गावच्या शिवारात पडलं ते त्याचं गाव नव्हे. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात नाव यायचं तर एका जागी वर्षभर राहायला हवं. सात-बारावर नाव यायचं तर जमीन हवी. पुढे सवलती आल्या, विमुक्त जाती आणि भटक्या जमाती अशा याद्या झाल्या, आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवायची अट आली. ज्याच्या आजोबांना कोणत्याच गावाने रहिवासी मानलं नाही, त्याने आजोबांचा रहिवास सिद्ध करायचा. कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्यांचा कायद्यातला दर्जा बदलतो, गावकऱ्यांच्या नजरेतला बदलत नाही. २००८ सालच्या रेणके आयोगाच्या अहवालात आणि नंतरच्या इदाते आयोगाच्या अहवालात कागदपत्रांच्या या दुष्काळाची तक्रार पुन्हापुन्हा येते. आयोगांचे अहवाल वाचायचा कंटाळा येतो हे मान्य, पण त्यातला हा भाग एखाद्या फौजदारी निकालपत्राशेजारी ठेवून वाचावा.

तसं एक निकालपत्र ५ मार्च २०१९ चं आहे. नाशिकजवळच्या एका बागेतल्या झोपडीवर ५ जून २००३ च्या रात्री दरोडा पडला. एका कुटुंबातली ५ माणसं मारली गेली, बलात्कार झाला. भटक्या जमातीतल्या ६ मजुरांना त्यासाठी धरलं गेलं. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली त्या तिघांनाही पुन्हा फाशीच सुनावली. त्या निकालातला फाशीविषयीचा युक्तिवाद कायद्याच्या चुकीच्या आधारावर उभा असल्याचं पुढे लक्षात आलं, आणि २०१२ साली १४ निवृत्त न्यायाधीशांनी अशा खटल्यांतल्या १३ जणांसाठी राष्ट्रपतींकडे विनंती केली. त्या १३ मध्ये हे सहा होते. विनंती फाशीऐवजी जन्मठेपेची होती. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही त्यांना दोषी धरूनच दया मागितली होती. अखेर २०१८ साली फेरविचाराचा अर्ज पुन्हा उघडला गेला आणि न्या. सिक्री, न्या. नझीर, न्या. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. अत्यंत गरीब, भटक्या जमातीतले मजूर आहेत, गंभीर गुन्ह्यात निरपराधांना गोवलं जाण्याचे प्रकार घडतात, तेव्हा खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा आशयाचं पीठाने नोंदवलं. त्या सहांपैकी एकजण घटनेच्या वेळी १८ वर्षांचा झालेला नव्हता. हे चौकशीअंती मान्य व्हायला २०१२ उजाडलं. २००६ पासून तोवर तो फाशीच्या यादीत होता. तेव्हाच्या बालन्यायाच्या कायद्याप्रमाणे अशा मुलाला जास्तीत जास्त ३ वर्षं ठेवता येत होतं. ती मुदत तो अल्पवयीन ठरला तेव्हा केव्हाच उलटून गेली होती.

इथे माझ्या मांडणीवरचा सगळ्यांत कठीण आक्षेप उभा राहतो, आणि तो याच निकालपत्रातून येतो. घटनेतून वाचलेल्या स्त्रीला दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा संग्रह दाखवला गेला होता. तिने त्यातून चौघांना ओळखलं होतं. ते चौघे या सहांमधले नव्हते. त्यांचा तपास झाला नाही आणि तिचं ते ओळखणं न्यायालयापुढे नीट आणलंच गेलं नाही. मग पोलिसांची वही हाच या मुलाचा शत्रू, असं कसं म्हणायचं? इथे तर वहीवर विश्वास ठेवला असता तर तो सुटला असता. या आक्षेपाने माझं म्हणणं सुधारून घ्यावं लागतं, पण मोडत नाही. १९२४ च्या पटावर माणसाचं नाव लिहावं लागे, तेव्हा त्याच्यावर संशय घेता येई. २००३ मध्ये नावाची गरज उरली नव्हती. संशय घ्यायला माणूस पालावरचा आहे एवढं पुरलं. वही आता कपाटात नसून डोळ्यांत आहे. हातातल्या छायाचित्रांच्या साक्षीलाही बाजूला सारण्याइतकी ती पक्की आहे. आणि जिथे दुसरी वही हवी होती, जन्मतारखेची, तिथे ती वेळेवर मिळाली नाही. कोणत्याही मध्यमवर्गीय घरातल्या मुलाचं वय ठाण्यात पहिल्या रात्री सिद्ध होतं. बापाने दाखल्याची प्रत आणून टाकली की झालं. या मुलाच्या बाबतीत त्या एका तारखेला ९ वर्षं लागली. तो कोण आहे हे सरकारला क्षणात कळलं, तो किती वर्षांचा आहे हे कळायला दशक गेलं.

ही गोष्ट भटक्यांपुरतीच आहे असंही कोणी समजू नये. पुण्यात १९९४ साली झालेल्या एका हत्याकांडात राजस्थानातून कामाला आलेल्या एका मुलाला १९९८ साली फाशी सुनावली गेली. इथल्या कागदांत त्याचं नाव एक, गावच्या शाळेच्या रजिस्टरात त्याच नावाचं दुसरं रूप. त्या रजिस्टरावरून २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की घटनेच्या दिवशी तो १२ वर्षं ६ महिन्यांचा होता. तोवर २८ वर्षं गेली होती. तो निर्दोष ठरला असं नव्हे. गुन्हा सिद्ध झाल्याचा निष्कर्ष तसाच राहिला, मुलाला देता न येणारी शिक्षा तेवढी रद्द झाली. म्हणून दोन्ही खटल्यांची सरमिसळ करता कामा नये. पण माझ्या मुद्द्यापुरती तुलना बोलकी आहे. राजस्थानातल्या एका खेड्यातल्या मास्तराने कधीकाळी एक ओळ लिहून ठेवली होती, म्हणून उशिरा का होईना, सोडवणारं काहीतरी अस्तित्वात होतं. ज्या मुलांसाठी ती ओळ कोणीच लिहिली नाही, त्यांच्यातले किती मोठ्यांच्या तुरुंगात मोठे झाले याची मोजदाद करायला साधनच नाही, कारण मोजदादीचं साधन तीच ओळ.

आता भरपाईकडे यावं. २०१९ च्या निकालात न्यायालयाने प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यायला राज्य सरकारला सांगितलं. ती रक्कम सत्र न्यायालयात जमा करायची आणि पुनर्वसनासाठीच वापरली जाते हे त्या न्यायालयाने पाहायचं. पावणेसोळा वर्षांनी भागलं तर दिवसाला ८७ रुपयांच्या आसपास पडतात. हा भागाकार वृत्तपत्रांना आवडतो, पण तो एका मर्यादेपुढे फसवा आहे. दिवसाला ८०० पडले असते तर प्रश्न सुटला असता असा त्यातून भास होतो. न्यायालयाने भरपाई देवविण्याच्या परंपरेचा आरंभ आपल्याकडे १९८३ च्या रुदुल साह खटल्यात सापडतो. १९६८ साली निर्दोष सुटूनही १४ वर्षं बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या माणसाला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने ३५,००० रुपये देवविले, आणि तेही तात्पुरती मदत म्हणून. तेव्हापासून आजवर भरपाई ही न्यायालयाच्या इच्छेवर राहिली आहे, हक्क झालेली नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ साली सामील झाला, तोही बेकायदा अटकेच्या भरपाईचं कलम आपल्याला तसंच्या तसं लागू नाही असं बजावून. प्रौढ माणसाच्या बाबतीत या पैशांना निदान एक अर्थ असतो: त्याचा धंदा होता, घर होतं, ते मोडलं, त्याची अंशतः किंमत. सतराव्या वर्षी आत गेलेल्याचं मोडलं काय, हे मोजता येत नाही, कारण त्याचं काही उभंच राहिलेलं नव्हतं. मतदार यादीत नाव यायला १८ पूर्ण व्हावी लागतात. तो त्याआधीच आत. कैद्याला मत देता येत नाही, म्हणजे तिशी ओलांडेपर्यंत तो मतदार नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, आदिवासी पाड्यातल्या बाईला दिलं गेलं. २००३ साली आत गेलेला माणूस २०१९ साली बाहेर येतो तेव्हा रेशन, बँक, मोबाइलचं सिम, सगळीकडे त्या क्रमांकाची सवय लागून गेलेली असते. त्याला जुनं आयुष्य परत द्यायचं नसतं, कारण ते नव्हतंच. त्याचं पहिलंच आयुष्य सुरू करायचं असतं, आणि ते सुरू करणारं खातं गृहखातं नव्हे.

व्यवहारी माणूस इथे विचारील की पोलिसांनी मग नोंदी ठेवूच नयेत काय? दरोडेखोरांचे फोटो, ठसे, इतिहास यांच्याशिवाय तपास कसा करायचा? नोंदी ठेवाव्यात, नाशिकच्या त्या खटल्यात छायाचित्रांची नोंद प्रामाणिकपणे वापरली असती तर सहा माणसं वाचली असती, हे वर आलंच आहे. प्रश्न नोंद मिटण्याचा आहे. २०२२ च्या ओळखविषयक कायद्याने ठसे आणि मोजमापं ७५ वर्षं जपायची तरतूद केली. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ती नष्ट करायची, पण दंडाधिकाऱ्याने कारण नोंदवून उलट सांगितलं तर ठेवायची. बालन्यायाच्या कायद्यातही मुलाचा गुन्ह्याचा इतिहास त्याच्या पुढच्या आयुष्यात आड येऊ नये, नोंदी नष्ट व्हाव्यात असं आहे. वाट आहे, फक्त ती ज्याने चालायची त्याला माहीत नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका प्रकरणाच्या निमित्ताने सगळ्या राज्यांना सांगितलं की मागास आणि विमुक्त समाजांतल्या निरपराध माणसांची सराईतांच्या पत्रकात यांत्रिकपणे नोंद करू नका. ते प्रकरणच मुळात अशा पत्रकात अल्पवयीन मुलांची माहिती घातल्यावरून उभं राहिलं होतं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांच्या रजिस्टरांमधला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या तुरुंग नियमांना चाप लागला. १८७१ पासून धरलं तर हा रकाना पुसायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. हे निकाल महत्त्वाचे आहेत, पण ते पहिल्याच वहीशी झगडतात. काय लिहू नये ते त्यांत आहे, काय लिहावं ते नाही.

दुसऱ्या वहीचा सर्वांत जवळ आलेला मसुदा विधी आयोगाच्या ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात आहे. चुकीच्या खटल्याने पोळलेल्या माणसासाठी स्वतंत्र कायदा, त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष न्यायालय, पैशांबरोबर समुपदेशन आणि धंदेशिक्षण, शिक्षेमुळे नोकरी-प्रवेशात आलेली अपात्रता दूर करणं, अशा त्याच्या शिफारशी आहेत. कायदा झालेला नाही. तो झाला तरी पालावरच्या मुलाला त्याचा उपयोग होण्याआधी एक अडथळा आहे. शिफारशींतली प्रत्येक मदत अर्जावर अवलंबून आहे आणि प्रत्येक अर्जाला वय, रहिवास, जात यांचे दाखले जोडायचे असतात. २०१९ च्या निकालात गृहखात्याला कामचुकार तपास अधिकाऱ्यांची चौकशी करायला सांगितलं आहे, त्या चौघांविषयी पुढचा तपास करायला सांगितलं आहे, पैसे जमा करायला सांगितलं आहे. त्यात तहसीलदाराचा उल्लेख नाही. निर्दोष ठरलेल्याचा जन्मदाखला, रहिवास आणि जात सरकारने स्वतःहून, १९६१ च्या पुराव्याची अट न लावता, न्यायालयाच्या निष्कर्षावरून नोंदवावी, एवढं एक वाक्य अशा निकालपत्रांच्या शेवटी घालायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. वय तर न्यायालयाने आधीच ठरवलेलं असतं. ते फक्त फौजदारी दप्तरातून महसुली दप्तरात न्यायचं आहे.